न फुटलेली सुपारी

जानेफळच्या वंदनाला कुणी रस्त्यात थांबवून "काय वं, बरी हायस ना?" असं विचारलं, की ती "हाव" म्हणायची आणि चालू लागायची. याच प्रश्नावर गल्लीतल्या दुसऱ्या बाया गुडघ्यापासून निघायच्या आणि सुनेच्या माहेरापर्यंत जाऊन परत यायच्या. वंदना दोन अक्षरांत उरकायची. लोकांना वाटायचं, शिकलेली आहे, म्हणून शिष्ट आहे. शिष्ट नव्हती. थकलेली होती.

थकवा कामाचा नव्हता. काम तर सगळ्याच बाया करतात. थकवा होता ध्यानात ठेवण्याचा. नळ कोणत्या दिवशी येणार, ते ध्यानात. सासू पुष्पाबाईंची एक गोळी जेवणाआधी आणि दुसरी जेवणानंतर, ते ध्यानात. पोरीच्या दप्तरात उद्या चित्रकलेची वही, ते ध्यानात. नवरा गणेश मेहकरला पाइपांच्या दुकानात कामाला होता. त्याच्या गाडीचा विमा कधी संपतो, हेही हिच्याच ध्यानात. गणेश माणूस गरीब. म्हणायचा, "तू मले सांगत जाय ना फक्त. मी करत जाईन." म्हणजे सांगायचं ध्यानात ठेवणं पुन्हा फिरून हिच्याच डोक्यावर.

तिचं माहेर सुलतानपूर. खामगावला कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला तेव्हा वर्गातली निम्मी पोरं पुण्याला गेली आणि वंदना लग्न होऊन जानेफळला आली. गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटरच्या खोलीत ती मदतनीस म्हणून लागली. सकाळी मशिनं चालू करायची, दुपारी बंद करायची आणि मधल्या वेळात पोरांना "गेम बंद कर रे" म्हणायचं. अशा कामात डिप्लोमावालं डोकं गंजून गेलं असतं. ते गंजलं नाही, याचं श्रेय अन्नपूर्णाबाईंना.

अन्नपूर्णाबाई सोयरिकी जुळवायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावरून पदर आणि पदराआड मोबाइल. कुणाचं पोरगं फौजेत आहे, कुणाच्या पोरीला बारीक नंबरचा चष्मा आहे, कुणाच्या घरात दोन चुलत्यांचं पटत नाही, सगळं तोंडपाठ. बोलायला लागल्या की आधी "आपलं कसं हाय पाह्य" म्हणायच्या, मग मुद्दा सांगायच्या, आणि शेवटी "असं हाय आपलं" म्हणून मुद्द्यावर झाकण ठेवायच्या. झाकण ठेवल्यावर कुणी उघडायचं नाही. पण पोरं पुण्यात, पोरी नाशकात, बाप गावात, असं झाल्यावर तोंडपाठ पुरेना. तेव्हा त्यांनी वंदनाला गाठलं.

"आपलं कसं हाय पाह्य. तू शिकेल पोरगी हायस. मोबाइलवर एक पान बनवून दे. ज्याले टाकायचं त्यानं टाकावं, ज्याले पाह्यचं त्यानं पाह्यावं. असं हाय आपलं."

वंदनानं बनवून दिलं. नाव ठेवलं 'सोयरीक'. प्रत्येकानं आपली माहिती भरायची: नाव, गाव, शिक्षण, अपेक्षा. ती माहिती साच्यात पडायची आणि पान तयार व्हायचं. अपेक्षा सगळ्यांच्या सारख्याच. पोरीवाल्यांची अपेक्षा, पोराकडे शेती पाहिजे, पण पोरगी शेतात जाणार नाही. पोरावाल्यांची अपेक्षा, पोरगी शिकलेली पाहिजे, पण शिकल्यासारखी बोलायला नको. वंदनानं सुरुवातीला आवडीनं वाचल्या. मग वाचायचं सोडून दिलं.

साच्यांच्या त्या यंत्रणेत एक सोय होती. माणसानं जे भरलं असेल ते पानावर निव्वळ अक्षरं म्हणून दाखवायचं. कुणी टोकदार कंसात एखादा हुकूम लिहिला, तर तो हुकूम पाळायचा नाही, नुसता दाखवायचा. याला एस्केप करणं म्हणतात. ही सोय सगळीकडे आपोआप लागू ठेवायची की नाही, हे सेटिंगमधली एकच ओळ ठरवते. पान बनलं तेव्हा ती ओळ चालू होती. मग अन्नपूर्णाबाईंनी पान पाहिलं.

"आपलं कसं हाय पाह्य, हे तं तेरवीचं पत्र दिसून राह्यलं. काळं काळं. पोरापोरींचं नाव कसं कुंकवासारखं लाल पाह्यजे."

लाल करायचं म्हणजे नावाआधी कंसात रंगाचा हुकूम लिहायचा. आणि तो हुकूम पाळला जायला पाहिजे, तर ती ओळ बंद करायची.

"मावशी, मंग कोनीबी काईबी लिहीन."

"कोन लिहीन वं? सारे आपलेच लोकं हायेत. असं हाय आपलं."

झाकण पडलं. वंदनानं ओळ बंद केली. जिथं धोका वाटेल तिथं आपण हातानं एस्केप लावू, असं तिनं ठरवलं. काही ठिकाणी लावलं. उरलेल्या ठिकाणी लावायचं ध्यानात ठेवलं. रंगाचा हुकूम तिनं चार जणांना शिकवला आणि तो व्हॉट्सॲपवरून गावोगाव गेला. लोक तो मंगलाष्टकासारखा म्हणायचे. अर्थ कुणालाच माहीत नाही, पण चुकवायचा कुणीच नाही.

आणखी एक लाल ओळ होती, ती मात्र वंदना स्वतः लावायची. सोयरीक पक्की झाली, की त्या पोराच्या किंवा पोरीच्या कार्डावर 'सुपारी फुटली' असं यायचं. इकडे सुपारी फुटली म्हणजे विषय संपला. त्या घरी मग कुणी फोन करत नाही, चुकूनही विचारत नाही. ठरलेल्या पोरीबद्दल विचारणं म्हणजे त्या घराचा अपमान. बघणारा अंगठ्यानं पान पुढे सरकवतो, बस.

एक दिवस मोतीराम कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. बाहेर चपला काढून, टोपीवर पीठ. गावात त्याची पिठाची गिरणी. उभं आयुष्य गिरणीच्या घरघराटात गेल्यामुळे तो शांत खोलीतही ओरडून बोलायचा, आणि आपण ओरडतोय हे ध्यानात आलं की एकदम कुजबुजायचा. मधला आवाज त्याच्याकडे नव्हताच.

"बाई, माह्या छकुलीचा फोटो बदलून पाहू का?" तो ओरडला. दोन पोरांनी माना वळवल्या. तो कुजबुजला, "नाई म्हनलं, विचारून पाहावं."

"काऊन काका? चांगला तं हाय फोटो."

"दिवाळीपासून एक फोन नाई आला. आधी दर आठवड्याले कोनी ना कोनी करे. मले वाटलं, फोनच खराब झाला. मंग मीच बायकोच्या फोनवरून माह्या फोनले लावून पाह्यला."

"मंग?"

"वाजला." मोतीरामनं हे असं सांगितलं, जणू वाजला नसता तर बरं झालं असतं. "बायको म्हनते कोनी काई करनी केली असंल. मी म्हनलं तसं काई नसते. जाऊ द्या."

छकुली म्हणजे त्याची मुलगी, कागदावरची रेणुका. बीएस्सी झालेली, गावातच शिकवण्या घ्यायची. वंदनानं आपल्या कामाच्या पडद्यावर तिची नोंद उघडली. बरोबर होती. पुढे 'खुली' असं लिहिलेलं, म्हणजे सोयरीक ठरायची आहे. छकुलीचं एकटीचं पान उघडलं, तेही बरोबर. मोतीरामच्या मोबाइलमध्ये त्याच पानाची लिंक होती. तो रोज सकाळी उदबत्ती लावली की ते उघडून पाहायचा.

"दिसते तं बरोबरच," तो म्हणाला. "मंग फोटोच असंल. जाऊ द्या." आणि गेला.

दुपारी वीज गेली आणि कॉलेजचं नेट बंद पडलं. वंदना व्हरांड्याच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसली. मोतीरामचा चेहरा डोक्यातून जात नव्हता. इतर पोरींचे फोटो कसे आहेत ते तरी पाहावं, म्हणून तिनं सगळ्या कार्डांची यादी उघडली. यादीचं पान ती सहसा उघडायची नाही. तिचं सगळं काम आतल्या पडद्यावर.

जानेफळमध्ये मोबाइलचं नेट म्हणजे म्हाताऱ्याच्या जेवणासारखं, एक घास आणि मग विसावा. पहिल्या घासात वरची कार्डं आली. त्यात छकुलीचं होतं. स्वच्छ. खालचं पान अजून पांढरं. वंदना फोटोकडे पाहत राहिली. मग दुसरा घास आला, खालची कार्डं दिसली, आणि तिच्या डोळ्यांदेखत वरच्या छकुलीच्या कार्डावर लाल ओळ येऊन बसली. 'सुपारी फुटली.'

तिनं पान पुन्हा उघडलं. पुन्हा आधी कोरं, मग लाल. कॉलेजच्या नेटवर हे कधीच दिसलं नसतं. तिथं पान लाल ओळीसकट एकदमच उतरतं.

वीज आली आणि कॉलेज सुटेपर्यंत तिला कारण सापडलं. यादीत खालच्या बाजूला शिवमचं कार्ड होतं. शिवम गावातलाच, हिंमतरावांचा पोरगा, आयटीआयला कॉम्प्युटर शिकून आलेला. पावसाळ्याच्या आधी तो छकुलीला पाहायला गेला होता आणि छकुलीनं नाही म्हटलं होतं. त्याच्या अपेक्षेत लिहिलं होतं, 'मुलगी सुस्वभावी असावी.' आणि त्याच्यापुढे कंसातला एक लांब हुकूम. या पानावर जिथं रेणुका मोतीराम दिसेल, तिथं ही लाल ओळ लाव. यादीत सगळ्यांच्याच अपेक्षा छापल्या जायच्या, त्यामुळे ज्यानं ज्यानं यादी उघडली त्याच्या मोबाइलनं शिवमचा हुकूम पाळला. छकुलीच्या एकटीच्या पानावर शिवम नव्हता, म्हणून तिच्या बापाला रोज सगळं ठीक दिसत होतं. नोंद खरी होती. दाखवताना खोटी होत होती. आणि सुपारी फुटलेल्या पोरीच्या घरी फोन करून "खरंच फुटली का हो?" असं विचारायची आपल्याकडे रीत नाही.

वंदनानं यादीच्या साच्यात अपेक्षेला हातानं एस्केप लावलं. मग तिला शोधाचं पान आठवलं. तिथं लावलं. मग 'नवीन आलेले' आठवलं. मग कागदावर छापायचं पान. मग प्रत्येक पानावर गावाचं नाव, वडिलांचं नाव, मामाचं कूळ. जिथं जिथं माणसानं भरलेलं काही बाहेर येतं, तिथं तिथं एक दार उघडं होतं, आणि कोणकोणती दारं उघडी आहेत ते ध्यानात ठेवायचं काम पुन्हा तिचंच. ती थांबली. तिनं खामगावच्या वर्गातल्या मुजम्मिलला फोन लावला. तो पुण्यात एका कंपनीत होता.

"हॅलो, हां बोल ना, ॲक्च्युअली मी एका मीटिंगमध्ये होतो," मुजम्मिल पुण्याच्या आवाजात म्हणाला. मग दार लोटल्याचा आवाज आला आणि तो खामगावला पोचला. "काय झालं वं?"

तिनं सांगितलं. "आता एकेक साचा पाहून राह्यली. जिथं राह्यलं तिथं लावून राह्यली."

"आन् एखांदा राह्यला तं?"

"म्हनून तं तुले फोन केला."

"अरे, ते डिफॉल्टच चालू करून टाक ना. मंग तू विसरली तरी चालते. ज्याले सोडायचं त्याच्यापुरतंच हातानं सोडायचं. बंद काऊन ठेवलं व्हतं?"

"लाल रंग पाह्यजे होता."

"कोनाले?"

"अन्नपूर्णामावशीले."

मुजम्मिल हसला. "मंग ठीक हाय. आमच्या अम्मीलेबी शादीच्या कार्डावर गुलाब पाह्यजे असते. गुलाबाच्या खाली पत्ता दबून जाते, पाहुने दुसऱ्याच्या मंडपात जेवून येतात, पन गुलाब पाह्यजे."

फोन ठेवल्यावर वंदनाच्या कानात एवढंच राहिलं: विसरली तरी चालते. तिला असं आजवर कुणी, कशाबद्दलही म्हटलं नव्हतं. ती घरी पोचली तेव्हा पुष्पाबाई परात घेऊन पीठ चाळत बसल्या होत्या. दुकानातून आणलेलं बंद पुडीतलं पीठही त्या चाळायच्या. वंदनानं नवी सून असताना एकदा विचारलं होतं, याला कशाला चाळता म्हणून. "कोन्तं चाळायचं आन् कोन्तं नाई, हे कोन ध्यानात ठेवत बसंल? मी सारंच चाळते," असं म्हणून त्यांनी चाळणी आपटली होती. तेव्हा वंदनाला ते म्हातारपणाचं खूळ वाटलं होतं.

तिनं लॅपटॉप उघडला आणि सेटिंगच्या त्या ओळीतला एक शब्द बदलला. त्यानंतर शिवमचा हुकूम कुठल्याच पानावर चालला नाही. छकुलीचं कार्ड कोरं झालं. आणि त्याबरोबर साऱ्या तालुक्याची नावं उघडी पडली. जे जे लाल होतं ते काळं झालं, आणि प्रत्येक नावाच्या मागेपुढे फॉन्ट, कलर, रेड अशी इंग्रजी अक्षरं कंसासकट येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन.

"बाई, माह्या पोराच्या नावाआंधी इंग्रजीत काय लिहून देल्लं? केस-गिस झाली का त्याच्यावर?"

"हॅलो, मी सुलतानपूरहून तुहा मामा बोलून राह्यलो. आपल्या बबलीचं नाव फॉन्ट कधीपासून झालं?"

एकानं तर नुसतं विचारलं, "हे रेड कोन हायेत? आपल्यातले हायेत का?"

वंदना सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "होते दुरुस्त." लाल रंगाचे कंस हातानं एकेक काढायचे होते. ते काम मोठं होतं, पण निदान संपणारं होतं.

दुपारी अन्नपूर्णाबाई स्वतः आल्या. ऑटोतून उतरल्या, खोलीत आल्या आणि पोरांच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या. खुर्ची चाकांची होती, ती मागे सरकली. त्या टेबल धरून पुढे आल्या.

"आपलं कसं हाय पाह्य. आयतवारी मेहकरले परिचय मेळावा हाय. मोठ्या पडद्यावर हे दाखवायचं हाय. आन् तू साऱ्या पोरींच्या नावाले टाचन्या टोचून ठेवल्या. होतं तसं करून दे. असं हाय आपलं."

"नाई करत, मावशी."

वंदनानं त्यांना कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. त्यामुळे अन्नपूर्णाबाईंना ते ऐकू आलं नसावं असं वाटून तिनं पुन्हा म्हटलं. मग शिवमचं सांगायला घेतलं. अन्नपूर्णाबाईंनी ऐकलं, पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"अपेक्षेत लिहिलं तं अपेक्षेत राहीन. पोरीच्या कार्डावर कसं जाईन ते? आपल्या घरात भिताडावर लिहिलं तं शेजाऱ्याच्या भिताडावर उमटते का?"

बोलून समजणार नव्हतं. वंदनानं लॅपटॉपवर पानाची एक नक्कल उघडली, जी लोकांना दिसत नाही. तिथं सेटिंगमधली ती ओळ परत बंद केली. एका खोट्या पोराच्या नावानं अपेक्षेत दोन ओळी लिहिल्या आणि लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. पानाच्या माथ्यावर, जिथं 'संचालिका: श्रीमती अन्नपूर्णाबाई' असं असायचं, तिथं खाली लाल अक्षरांत आलं होतं, 'सुपारी फुटली'.

अन्नपूर्णाबाईंनी चष्मा लावला. काढला. पुसला. पुन्हा लावला.

"माही?"

"हाव."

"कोनासंग?"

"ते नाई लिहिलं. पाह्यजे असंल तं लिहिते."

अन्नपूर्णाबाईंचे खांदे आधी हलले. मग हसता हसता त्यांना ठसका लागला, वंदनानं पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर हसणं गेलेलं होतं. "म्हंजे कोनीबी, कोनाच्याबी पोरीच्या नावावर," त्या सावकाश म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच ठेवलं. "ठेव बंद तुहा तो रंग. काळंच राहू दे."

पण उठल्या नाहीत. चाकाची खुर्ची टाचेनं पुढेमागे करत राहिल्या.

"आता दुसरं पाह्य. लोकांनी दिवाळीपासून काय पाह्यलं? छकुलीची सुपारी फुटली. आज काय पाह्यतीन? लाल ओळ गेली. मंग काय समजतीन?"

वंदनाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"मोडली म्हनतीन," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "ठरली नसती तं बरं होतं. मोडलेल्या पोरीले लोकं कारन विचारतात. तोंडावर नाई विचारत, पाठीमागं विचारतात. मी घरोघर फोन करून 'फुटलीच नव्हती' म्हनलं, तं म्हनतीन बाई झाकून राह्यली."

ओळ लावणं सोपं होतं. ती कधी नव्हतीच, हे दाखवायला कोणत्याही सेटिंगमध्ये जागा नव्हती. वंदनाला वाटलं, आपण एवढा वेळ दाराला कडी लावत होतो आणि चोर तर केव्हाच जेवून गेला.

तेवढ्यात छकुली आली. बापानं गिरणीतून पाठवली होती. लाल ओळीची गोष्ट वंदनानं त्याला सकाळीच फोनवर सांगितली होती, आणि त्यानं ती ओरडून घरी सांगितली होती. छकुली उंच, सावळी, शिकवणीतल्या पोरांना दटावून आवाज जरा बसलेला. तिनं कुणाला नमस्कार केला नाही, सरळ म्हणाली, "वयनी, ते शिवमचं लिहेल दाखवा."

वंदनानं यादी उघडली, खरी, लोकांना दिसणारी. शिवमच्या कार्डापर्यंत आली आणि स्वतःच थांबली. कालपासून तिनं ते कार्ड बाहेरून पाहिलंच नव्हतं. अपेक्षेच्या जागी सगळं काळ्या अक्षरांत पसरलेलं होतं. मुलगी सुस्वभावी असावी. मग कंस, मग इंग्रजी, मग मराठीत स्वच्छ 'रेणुका मोतीराम', मग इंग्रजी, मग मराठीत स्वच्छ 'सुपारी फुटली', मग कंस. हुकूम चालत नव्हता, म्हणून दिसत होता.

"हे साऱ्याइले दिसते?" छकुलीनं विचारलं.

"कालपासून. मी आता पुसतेच हाय."

"नका पुसू."

"अवं, तुहं नाव हाय त्याच्यात."

"आधीबी माहंच नाव होतं." छकुली टेबलाच्या कडेला टेकली. "मावशी, खरं सांगू का? पाहुने आले नाई त्याचं मले काई वाटलं नाई. दिवाळीपासून पोह्याची कटकट गेली होती, आराम होता. पन बाबा रोज सकाळी मोबाइल उघडून माहं पान पाह्यत आन् काई न बोलता बंद करत. मले वाटे, माह्यातच काई कमी हाय, आन् हे सांगत नाई. कोन्या पोट्ट्यानं माह्या नावापुढं माहं ठरवून टाकलं, आन् मलेच माहीत नाई." ती जरा थांबली. "त्यानं लिहिलं ते त्याच्या नावाखाली राहू द्या. ज्याले वाचायचं तो वाचीन."

अन्नपूर्णाबाईंनी वंदनाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. मग पदराआडून मोबाइल काढला आणि तिथंच बसून पहिला फोन लावला. "हॅलो, आपलं कसं हाय पाह्य, छकुलीचं नाई सांगत मी काईच. तुमी फक्त ते हिंमतरावाच्या पोराच्या अपेक्षेत वाचा. हाव. सोता वाचा. असं हाय आपलं." फोन बंद. दुसरा फोन. शब्द तेच, झाकण तेच.

संध्याकाळी हिंमतराव वंदनाच्या घरी आले. माणूस एकेकाळचा उपसरपंच. ओट्यावर बसून बोलतानाही समोर माइक असल्यासारखी मान वर करायचे, आणि घरातल्यांनी केलेली कुठलीही चूक आपोआप झाल्यासारखी सांगायचे.

"मी काय म्हनतो वंदनाबाई, पोराकडून काईतरी लिहिल्या गेलं. बटन दाबल्या गेलं. लहान हाय, समज कमी पडली. ते तेवढं पुसून टाका."

पुष्पाबाई आतून म्हणाल्या, "सव्वीसचा हाय तो. माह्या पोरीच्या बरोबरचा."

हिंमतरावांनी मान थोडी खाली केली. वंदना भांडी घासत होती, हात पुसून बाहेर आली.

"पासवर्ड त्याच्यापाशी हाय, भाऊजी. त्याचं लिहेल त्याले पुसता येते."

"तुमालेबी येते ना?"

"येते," वंदना म्हणाली.

हिंमतराव पुढचं वाक्य येईल म्हणून वाट पाहत राहिले. आलं नाही. वंदनाकडे तेवढं बोलायची ताकद उरली नव्हती, आणि गंमत म्हणजे त्यांना तो ठामपणा वाटला. चहा न घेता ते उठले.

मेळाव्यात मोठ्या पडद्यावर काळी नावं दिसली. वंदना आदल्या दिवसापर्यंत कंस काढत होती, तरी काही राहिलेच. एका पोराच्या नावाला शेवटपर्यंत फॉन्ट चिकटलेला होता आणि त्याच्या बापानं ते आडनावासारखं मिरवलं. शिवमचं कार्ड आलं तेव्हा सभागृहात खुर्च्यांचा आवाज झाला, दोन-चार जण वाचताना ओठ हलवत होते. मोतीराम शेवटच्या रांगेत होता. त्याच्या बाजूला बसलेला वडनेर भोलजीचा एक शेतकरी त्याच्याकडे वळून म्हणाला, "म्हंजे फुटली नव्हती?"

"नाई," मोतीराम ओरडला. सगळं सभागृह मागे वळलं. त्यानं या खेपेला कुजबुजून घेतलं नाही. "नव्हती."

"आमी तं दिवाळीतच फोन करनार होतो," तो शेतकरी म्हणाला. "ते पाह्यलं आन् सोडून देल्लं."

गुरुवारी ते लोक यायचे ठरले. छकुलीनं बापाकरवी आधीच निरोप पाठवला, की पोराला घेऊन या, मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. पुढचं पुढे.

बुधवारी दुपारी वंदना कॉम्प्युटरच्या खोलीत एकटी होती. पोरं सुटली होती, मशिनं बंद करायची होती. अन्नपूर्णाबाईंचा फोन आला.

"शिवमचं उघड."

तिनं उघडलं. अपेक्षेतला हुकूम गेला होता. सुस्वभावी मुलगीही गेली होती. तिथं लिहिलं होतं, 'रेणुकाच्या नावावरची ओळ मी टाकली होती. तिची सुपारी फुटली नव्हती. चूक झाली.' आणि त्या तीन वाक्यांच्या पुढेमागे, सवयीनं, तोच गावोगाव फिरलेला लाल रंगाचा हुकूम, कंसासकट, काळ्या अक्षरांत.

"आपलं कसं हाय पाह्य," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पोट्ट्यानं चांगलं लिहिलं. एवढं एक तरी लाल करून दे त्याचं."

"नाई करत, मावशी."

"बरं. राहू दे. असं हाय आपलं."

वंदनानं फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्या बाजूला डोकं ठेवलं. मशिनं चालूच होती. ती बंद करायचं तिच्या ध्यानात होतं, पण ती उठली नाही. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा ती गाढ झोपलेली होती.